सुपर बोलमधली चाल ऐतिहासिक आहे का, हे कसं पारखायचं

सुपर बोल म्हणजेच अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यांतल्या थोर चालींच्या याद्या दर हंगामाअखेर निघतात आणि बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. झेल किती देखणा होता, यावरून क्रम लावलेला असतो. नीट पारखायचं असेल तर व्हिडिओ सगळ्यात शेवटी बघा. आधी अधिकृत प्ले-बाय-प्ले नोंद उघडा आणि स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या) क्षणाची स्थिती कागदावर उतरवा: गुणफलक, घड्याळ, कितवा डाऊन (चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे आहेत, चेंडू मैदानात कुठे आहे, आणि दोन्ही संघांकडे किती टाइमआऊट (घड्याळ थांबवण्याच्या संधी) उरलेत.

मग एकच प्रश्न विचारा: ही चाल झाली नसती तर पुढे काय होणं शक्य होतं? ज्या चालीने शक्यतांचा काटा सगळ्यात जास्त फिरवला, ती वर.

1 फेब्रुवारी 2015 चा सामना घ्या. सिअ‍ॅटल सीहॉक्स 24-28 ने मागे, 26 सेकंद शिल्लक, दुसरा डाऊन, गोलरेषा एका यार्डावर, हातात एक टाइमआऊट. त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सनने टाकलेला पास न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने गोलरेषेवर मध्येच हिसकावला. टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार; सहा गुण, वर किकचा एक) झाला असता तर सिअ‍ॅटलला आघाडी मिळून पेट्रियट्सकडे जेमतेम वीस सेकंद उरले असते. पास नुसता खाली पडला असता तरी सिअ‍ॅटलकडे आणखी दोन डाऊन आणि तो टाइमआऊट होताच. म्हणजे पेट्रियट्सना लगेच सोडवणारी जवळजवळ एकच वाट होती आणि बटलरने नेमकी तीच काढली. इतका टोकाचा काटा क्वचितच फिरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिअ‍ॅटलचा धावपटू मार्शॉन लिंचकडे चेंडू न देणं हा निव्वळ वेडेपणा होता, असं म्हणतात. पण एकाच टाइमआऊटमध्ये तीन वेळा धावणं घड्याळात बसवणं कठीण होतं. हुकलेल्या पासने घड्याळ फुकटात थांबतं, त्यामुळे एखादा पास टाकण्यात हिशेब होता. शंका घ्यायची तर गर्दीत शिरणारा तो रूट (पास घेणाऱ्याचा धावण्याचा मार्ग) निवडण्यावर घ्या. प्रतिस्पर्ध्याची चूक जितकी मोठी धराल, तितकं बटलरचं श्रेय कमी होतं, म्हणून हा मुद्दा सोडून चालत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. जानेवारी 1984 मध्ये रेडर्सच्या मार्कस अ‍ॅलनने उलट वळून 74 यार्डांची धाव घेतली. डोळ्यांना याहून सुंदर धाव मिळणं अवघड. पण तिसऱ्या क्वार्टरच्या त्या शेवटच्या चालीआधी रेडर्स 28-9 ने पुढे होते आणि सामना 38-9 असा संपला. सौंदर्याला पूर्ण गुण द्या, काट्याला जवळपास शून्य.

शेवटच्या सेकंदांचा मोहही टाळा. जेम्स हॅरिसनचं 100 यार्डांचं इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास हिसकावून घेतलेली धाव, 2009) पहिल्या हाफच्या अखेरीस झालं, म्हणून याद्यांत ते हमखास खाली सरकतं. हिशेब करून बघा. हॅरिसनचा संघ पिट्सबर्ग 10-7 ने पुढे होता आणि अ‍ॅरिझोना कार्डिनल्स गोलरेषेच्या तोंडाशी. त्यांचा टचडाऊन झाला असता तर 10-14, प्रत्यक्षात झालं 17-7. चौदा गुणांचा फरक, आणि सामना सुटला 27-23 वर! उलट 2000 मध्ये टेनेसीच्या केव्हिन डायसनला प्रतिस्पर्धी बचावपटू माइक जोन्सने गोलरेषेच्या एक यार्ड आधी पाडलं, ती सामन्याची शेवटची चाल. ‘विजय एका यार्डाने हुकला’ हे वाक्य त्यावर चिकटलंय, पण टेनेसी 16-23 ने मागे होतं. टचडाऊन आणि किक मिळूनही सामना फक्त बरोबरीत येऊन अतिरिक्त वेळेत गेला असता. टॅकल अव्वल, पण गुणफलक न बघता तिला पहिला नंबर देऊ नका.

मग नशीब, कौशल्य आणि योजना वेगळी करा. 2008 मध्ये जायंट्सच्या डेव्हिड टायरीने चेंडू हेल्मेटला दाबून 32 यार्डांचा झेल घेतला. तिसरा डाऊन, पाच यार्ड हवे, 1:15 शिल्लक, जायंट्स 10-14 ने मागे, म्हणजे फील्ड गोलचा (किक मारून मिळणाऱ्या तीन गुणांचा) उपयोग नाही. टायरीचं नाव गाजलं, पण खरी चाल आधी घडली: जर्सी ओढणाऱ्या हातांतून पास टाकणारा क्वार्टरबॅक एली मॅनिंग निसटला. निम्मे गुण तिथेच द्या. हेल्मेटचा भाग बराचसा नशिबाचा. पुढेही बघा: त्यानंतर तिसऱ्या डाऊनला 11 यार्ड हवे असताना स्टीव्ह स्मिथने 12 मिळवले आणि मगच प्लॅक्सिको बरेसचा टचडाऊन आला. स्मिथचा तो झेल कुणाला आठवत नाही, हा यादी करणाऱ्यांचा दोष.

योजनेचे गुण मात्र हात आखडता न घेता द्यावेत. 2018 मध्ये फिलाडेल्फियाने चौथ्या डाऊनला, गोलरेषेपासून एक यार्डावर, सोपा फील्ड गोल सोडला. चेंडू थेट कोरी क्लेमंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे आणि बर्टनचा पास क्वार्टरबॅक निक फोल्सकडे. फसलं असतं तर हातचे तीन गुण गेले असते.

आमचं प्रमाण असं: शंभरपैकी 50 काट्याला, 30 कौशल्य आणि योजनेला, 20 दुर्मिळपणा व देखणेपणाला. नशिबाला शून्य.

‘अंतिम सामना’ ही अटही पाळा. 1972 चा ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’ नावाने गाजलेला झेल बाद फेरीच्या सुरुवातीचा, तर जानेवारी 1982 मधला ड्वाइट क्लार्कचा झेल कॉन्फरन्स फायनलचा (सुपर बोलच्या आधीच्या फेरीचा). दोन्ही या यादीत बसत नाहीत. पण 31 डिसेंबर 1967 ची ग्रीन बे-डॅलस लढत बसते. सुपर बोल नसला तरी तो एनएफएल या व्यावसायिक लीगचा विजेतेपदाचा सामना होता. तिसरा डाऊन, 16 सेकंद, टाइमआऊट शून्य, ग्रीन बे 14-17 ने मागे. फील्ड गोलने बरोबरी साधता आली असती. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने गोठलेल्या मैदानावर धावपटूला चेंडू न देता जेरी क्रेमर आणि केन बोमन या वाट मोकळी करणाऱ्या सहकाऱ्यांच्या मागून स्वतःच मुसंडी मारली. तो अडवला गेला असता, तर किक मारायला संघ रांगेत उभा राहण्याआधीच घड्याळ संपण्याची दाट शक्यता होती.