एफ-१५० चं बसलेलं नाक वर आणताना

पिकअप घेतली की महिन्याभरात एक गोष्ट डोळ्यात खुपायला लागते, बाजूने बघितलं की गाडी पुढून बसलेली आणि मागून उचललेली दिसते. बिघाड वगैरे काही नाही हा. बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, सामान टाकलं किंवा मागे ट्रेलर लावला की मागची बाजू खाली बसते, म्हणून कंपनीच ती मुद्दाम उंच ठेवते. त्यामुळे दर वीकेंडला कॅम्पर ओढणारे असाल तर पुढची बाजू उचलून गाडी लेव्हल, म्हणजे सपाट, करायच्या भानगडीत पडू नका, कारण पुढून लेव्हल केलेली गाडी लोड पडला की नाक वर करून चालते. माझी २०१८ ची फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी), इकडे टेक्सासमध्ये, आणि तिच्यावर सगळ्यात मोठा लोड म्हणजे मंडळाच्या गणपतीचं मखर नि सतरंज्या, म्हणून मी केलं.

पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या बरोब्बर मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको, नाहीतर टायरमधली हवा कमी-जास्त असेल तर माप फसतं. चारही कोपरे मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. ड्रायव्हर आणि पेट्रोलची टाकी एकाच बाजूला असल्यामुळे डावी बाजू थोडी खाली निघाली तर घाबरू नका. माझा पुढचा-मागचा फरक पावणेदोन इंच होता, मी सव्वा इंचच उचलली आणि अर्धा इंच मागे तसाच ठेवला. अगदी पट्टी लावल्यासारखी सपाट करायचा मोह होतो, तो आवरा.

स्वस्तातला उपाय म्हणजे शॉकच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, ठोकायचा. पण मग जुनाच दमलेला शॉक राहतो आणि चाक खाली लोंबलं की बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा) नि ॲक्सलचे कोन वाढतात. मी बिल्स्टीन कंपनीचे ५१०० शॉक टाकले. यांच्या बॉडीवर खाचा असतात, हव्या त्या खाचेत सर्क्लिप (स्टीलची कडी) बसवायची, तिच्यावर स्प्रिंगची वाटी बसते, खाच जितकी वर तितकं नाक वर. शॉक खालच्या आर्मच्या (चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मधोमध बसतो म्हणून खाच जराशी बदलली तरी चाकापाशी जवळपास दुप्पट फरक पडतो, त्यामुळे अंदाजपंचे न करता बॉक्समधला तक्ता बघूनच खाच निवडा. लोक म्हणतात याने स्प्रिंग कडक होते. तसं नसतं, स्प्रिंग तीच राहते, फक्त चाकाला खाली जायला जागा कमी उरते, म्हणून सगळ्यात वरच्या खाचेत बसवलं की स्पीडब्रेकर उतरताना थाड आवाज येतो.

आता उघडायचं काम. लग नट गाडी खाली असतानाच ढिले करा, मग जॅक लावून फ्रेमखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर खाली घुसायचं नाही म्हणजे नाही. स्वे बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्ही बाजूच्या सोडा, एकच सोडली तर आर्म खाली यायला तयारच होत नाही. टाय रॉड (स्टिअरिंगने चाक वळवणारा दांडा) सोडा, ब्रेक नि एबीएसच्या वायरींचे क्लिप काढा, मग वरचा बॉल जॉइंट. त्याचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या आणि हातोडी नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याच्या) कानावर घाला, दोन-चार दणक्यांत सुटतो. नकल बाहेर कलंडून ॲक्सल नि ब्रेकचा पाइप ताणला जाऊ नये म्हणून तारेने बांधून ठेवा. फोर बाय फोर असेल तर हबकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी सांभाळा. मग खालचे दोन आणि वरचे तीन नट काढले की स्प्रिंगसकट शॉक बाहेर.

वरच्या तीन नटांच्या मधोमध एक मोठा नट दिसेल, त्याला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडकलेली असते, तो तसाच उघडलात तर ती तोंडावर येईल. ऑटोझोन या स्पेअर पार्टच्या दुकानात स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर डिपॉझिट ठेवून मिळतो, परत केला की पैसे परत. मी तो आणला, स्प्रिंगला लावला, चार वळसे फिरवले, स्प्रिंग एका बाजूला वाकायला लागली तसा गुपचूप सोडला आणि दोन्ही शॉक उचलून जवळच्या शॉपमध्ये नेले. अर्ध्या तासात बदलून मिळाले. नेण्याआधी वरची प्लेट, स्प्रिंग आणि खालचा कान यांच्यावरून पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढा, नाहीतर परत बसवताना वरचे तीन बोल्ट भोकांत जाताच येत नाहीत.

बसवणं म्हणजे तेच सगळं उलट, फक्त शॉकचे खालचे नट चाक लोंबत असताना फायनल टाईट करू नका. मी केले होते, आणि पुढचे पंधरा दिवस गाडी जुन्या दिवाणासारखी कुरकुरत होती. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा, म्हणजे आतलं रबर पिळलेलं राहत नाही. लग नट १५० फूट-पाउंड.

पहिल्याच रात्री हायवेवर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, तेव्हा कळलं की नाक वर म्हणजे हेडलाइटपण वर. खरं तर काम सुरू करायच्या आधीच भिंतीपासून २५ फुटांवर गाडी लावून उजेडाच्या वरच्या कडेला मास्किंग टेपची पट्टी चिकटवायची असते. शेजाऱ्याच्या लेव्हल न केलेल्या एफ-१५० वरून मी नंतर पट्टी मारली, माझा उजेड तिच्या चार बोटं वर होता. हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून खाली आणला.

अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या, उंची बदलली की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही हलतात आणि टायर एका कडेने खायला लागतात. मात्र लगेच दुसऱ्या दिवशी धावू नका, दोन-चार दिवस चालवा, स्प्रिंगा जागेवर बसू द्या, टेप पुन्हा लावा, लग नटांवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवा आणि मग गाडी घेऊन जा.