कामाची ताकदवान एटीव्ही घेताना कंपन्यांची तुलना कशी करावी

दर वर्षी सप्टेंबर उजाडला की डेट्रॉइटकडच्या मराठी मित्रांचे फोन सुरू होतात. कुणी उत्तर मिशिगनमध्ये दहा-वीस एकर जागा घेतलेली असते. लाकूडफाटा ओढायचा असतो, डिसेंबरनंतर दारातला बर्फ ढकलायचा असतो. त्यासाठी एटीव्ही हवी असते, म्हणजे शेतात-रानात चालणारी हँडलची चारचाकी. "पोलॅरिस घेऊ की कॅन-ॲम? की यामाहाच बरी?" मग ते इंटरनेटवरचा एखादा तक्ता पाठवतात. त्यात डावीकडे कंपन्या, उजवीकडे एचपी (अश्वशक्ती) आणि खाली विजेत्याचं नाव असतं. हे तक्ते बघून आता माझा जीव मेटाकुटीला येतो. ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या आमच्या चेरीच्या बागेत गेली बारा वर्षं मी ही यंत्रं वापरतोय. माझ्यासाठी आणि इतरांसाठी मिळून नऊ खरेद्यांत मी सोबत होतो. तुलना कशी करायची ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतो. हेल्मेट, परवाना, बजेट हे तुमचं ठरलेलं आहे असं धरून चालतो.

१. एचपीचा रकाना खोडा

पोलॅरिस आणि कॅन-ॲम एचपी छापतात. पोलॅरिसच्या स्पोर्ट्समन ८५० ला ७८, स्पोर्ट्समन एक्सपी १००० ला ८९, कॅन-ॲमच्या नव्या आउटलँडर १०००आर ला १०१. यामाहा आणि होंडा आपल्या कामाच्या एटीव्हींचा एचपी सहसा छापतच नाहीत. म्हणजे तक्त्यातले निम्मे आकडे कंपनीचे आणि निम्मे कुणीतरी अंदाजाने भरलेले. शिवाय यामाहाच्या ग्रिझली ७०० चं ६८६ सीसीचं एकच सिलिंडर असलेलं इंजिन आणि आउटलँडरचं दोन सिलिंडरचं रोटॅक्स व्ही-ट्विन यांना एका रांगेत उभं करून हाती काय लागणार? ओढकाम ताशी पाच-सात मैलांनी चालतं. तिथे शंभर एचपी कधीच लागत नाही.

२. वजनाचे आकडे मॅन्युअलमधून घ्या, जाहिरातीतून नको

स्पोर्ट्समन ८५० ची ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड, ग्रिझलीची १,३२२, नव्या मोठ्या आउटलँडरची १,८३०. हे आकडे सपाट जमिनीचे असतात. बऱ्याच मॅन्युअलमध्ये चढ-उतारासाठी वेगळा आणि बराच कमी आकडा दिलेला असतो. तुमच्या कामाचा आकडा तो. स्वार, रॅकवरचं सामान आणि ट्रेलरच्या दांड्याचा भार मिळून एकूण किती चालतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं. रॅकवर २४० पौंड चालतात म्हणून २४० पौंड लादायचे, वर आपण बसायचं आणि मागे ट्रेलर जोडायचा, असा हिशेब होत नाही.

३. उताराची चाचणी

माझा खरा मुद्दा हा आहे. बाकी सगळं घाईत उरकलं तरी चालेल, हे नाही.

आमच्याकडे चेरी उतारावर लावतात. वसंतात झाडं फुलावर असताना रात्रीची थंड हवा जड होऊन खाली सरकते आणि सखल भागात साचते. तिथला मोहोर करपतो, उतारावरचा वाचतो. त्यामुळे आमचं सगळं काम उतारावर चालतं. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस ओल्या मेपलचे ओंडके भरलेला ट्रेलर घेऊन मी खाली निघालो. यंत्र दमदार होतं, चढताना जराही कच खाल्ली नव्हती. गिअर हाय, म्हणजे वेगाचा; ओझ्याचा लो लावला नव्हता. गवतावर सकाळचं दव. निम्म्या वाटेवर ब्रेक दाबून वेग कमी केला आणि एकदम इंजिनाचा आवाज बसला. इंजिनाने चाकं सोडून दिली होती. यंत्र न्यूट्रलमध्ये असल्यासारखं मोकळं धावायला लागलं आणि मागून ट्रेलर ढकलायला लागला. ब्रेक आणखी दाबला तर मागची चाकं घसरली, ट्रेलर आडवा फिरला आणि आम्ही सगळे एका आठ वर्षांच्या झाडावर जाऊन थांबलो. झाड मुळापासून कलंडलं. माझा डावा गुडघा ट्रेलरच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यानंतर दोन रात्री मला झोप आली नाही.

चूक माझी होती, पण ती होण्यामागचं कारण मला कळायला पुढचा पूर्ण हिवाळा गेला. यातल्या बहुतेक यंत्रांत इंजिनाचा जोर रबरी बेल्टने चाकांकडे जातो. बेल्ट धरणारा पुढचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. फेरे वाढले की पकडतो, एका मर्यादेखाली गेले की सोडतो. हाय गिअरमध्ये वेग थोडा कमी झाला तरी फेरे त्या मर्यादेखाली जातात. लो गिअरमध्ये त्याच वेगाला फेरे बरेच जास्त असतात, म्हणून पकड टिकते. घाटात ट्रकवाले ज्या गिअरने चढतात त्याच गिअरने उतरतात. मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो, आणि इथे गिअर आपोआप बदलतो म्हणून नेमकं तेच विसरलो. पोलॅरिसच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की सरासरी वेग ताशी ७ मैलांपेक्षा कमी राहणार असेल तर लो वापरा. हाय गिअरमध्ये ओझं ओढलं तर आणखी एक नुकसान होतं. बेल्ट घसरून तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि जळक्या रबराचा वास येतो. तो वास एकदा आला की त्या बेल्टचे दिवस भरत आले म्हणून समजा.

कंपन्यांमधला खरा फरक इथे दिसतो. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये बेल्ट कायम ताणलेला असतो आणि पकडायचं-सोडायचं काम वेगळा क्लच करतो. जोडीला एकाच दिशेने फिरणारा क्लच असल्यामुळे यंत्र जवळजवळ थांबेपर्यंत इंजिन चाकांना धरून ठेवतं, आणि फोर-व्हील लावलं असेल तर चारही चाकांना. पोलॅरिसमध्ये पुढची चाकं गरजेपुरतीच जोडली जातात. मागची घसरली की पुढची पकडतात. चिखलातून निघताना ही व्यवस्था फार छान चालते आणि एरवी हँडल हलकं राहतं. पण उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा रोध, म्हणजे चाकांना धरून वेग रोखणं, मागच्याच चाकांवर येतो. चारही चाकांवर तो हवा असेल तर एडीसी (ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल) ही सोय असलेलं मॉडेल घ्यावं लागतं, आणि ते सगळ्या स्पोर्ट्समनना नसतं. कॅन-ॲममध्ये फोर-व्हील लावल्यावर पुढचा शाफ्ट जोडलेलाच राहतो. व्हिस्को-लोक नावाचा पुढचा डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) एक चाक मोकळं फिरायला लागलं की हळूहळू दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो. त्यासाठी त्या चाकाला आधी थोडं फिरावं लागतं, ओल्या दगडावर ते जाणवतं. कावासाकीच्या ब्रूट फोर्स ७५० ला पुढची चाकं बांधायला हाताने ओढायचा लिव्हर आहे. जितका ओढाल तितकी बांधली जातात. जुन्या ट्रॅक्टरवर काम केलेल्यांना तो लगेच जमतो. होंडाच्या रुबिकॉनमध्ये आणि रिंकनमध्ये बेल्टच नाही, जोर दातेरी गिअरांतून जातो. उतारावरचा रोध त्यामुळे भरवशाचा, पण रिंकनला लो गिअर नाही. ओझ्याच्या कामाला मी ती कुणालाही सुचवत नाही.

हे सगळं वाचून पटत नाही, बुडाखाली घेऊनच कळतं. डीलर सहसा आवाराबाहेर चालवू देत नाहीत. मग शेजाऱ्याचं मागा, भाड्याने घ्या, कंपन्यांच्या डेमोच्या दिवशी जा. मी चाचणी घेतो ती अशी.

आठ ते दहा अंशांचा उतार शोधा. मोबाइलमधल्या लेव्हलने तो मोजता येतो. शंभर फूट लांबी पुरते. खाली मोकळं मैदान हवं, झाड, तलाव किंवा रस्ता नको. ओझ्यासाठी लाकडं घेऊ नका, कारण ओलं लाकूड आणि सुकं लाकूड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तुलनेचा बट्ट्याबोळ होतो. पाच गॅलनच्या झाकणाच्या बादल्या पाण्याने भरा. एकेक साधारण ४२ पौंडांची होते. बारा बादल्या म्हणजे ५०० पौंड, आणि दर वेळी तेवढेच. बादल्या एकमेकींना बांधा, नाहीतर पहिल्याच वळणावर पाणी आणि वेळ दोन्ही वाया जाईल.

टायरमधली हवा सगळ्या यंत्रांत सारखी करा. ज्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये जितकी दिली आहे तितकी भरून सुरुवात करावी असं बरेच जण सांगतात. मला ते चूक वाटतं, कारण मग तुम्ही टायर तपासता, यंत्र नाही. एटीव्हीच्या टायरांत पाच-सात पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढीच हवा असते. दोन पीएसआयच्या फरकाने पकड बदलून जाते. गाडीचं मोजमापक इथे कामाचं नाही. कमी दाबाचं वेगळं मिळतं, दहा-पंधरा डॉलरचं. ते घ्याच. एखाद्या यंत्राच्या लेबलवरच्या किमान आकड्याखाली मात्र जायचं नाही.

आता लो गिअर, फोर-व्हील चालू, आणि ट्रेलरसह वरून निघा. बोट ॲक्सिलरेटरवरून काढा, ब्रेकवर नुसतं ठेवा, दाबू नका. तीन गोष्टी बघायच्या. वेग एका ठिकाणी स्थिर होतो की वाढत जातो? इंजिन कुठे सोडतं? सोडलं तर बारीक ॲक्सिलरेटर देऊन पुन्हा पकडतं का? सोबत्याला उताराच्या बाजूला, दहा-पंधरा फूट लांब, बरोबरीने चालायला सांगा आणि पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. ती इंजिनाच्या धाकात फिरताहेत की नुसती लोटली जाताहेत, हे वर बसून कधीच कळत नाही. बाजूने स्पष्ट दिसतं. ट्रेलरच्या खालच्या बाजूला मात्र कुणीही, कोणत्याही कारणाने उभं राहायचं नाही.

मग त्याच उतारावर चढा, मध्येच थांबा आणि पुन्हा निघा. मागे किती घसरतं ते बघा. एक फूटही फार झाला. शेवटी ट्रेलर सोडून हाय गिअरमध्ये एकदा उतरा, म्हणजे दोन गिअरांतला फरक तुमच्या अंगाला कळेल. हे सगळं कोरड्या गवतावर जमलं तरच ओल्यावर करा. कोरड्यावरच जे यंत्र अंगावर येतं ते ओल्यावर तपासायची गरजच नाही.

पहिल्या यंत्रावर जे जाणवलं ते तिसऱ्या यंत्रावर बसेपर्यंत धूसर होतं. उतरल्या उतरल्या कागदावर लिहा. मी हे पहिल्या दोन वेळा केलं नाही आणि शेवटी रंग बघून मत बनवलं.

४. बारीक ॲक्सिलरेटर

मोठ्या इंजिनाचं यंत्र चालण्याच्या वेगाने झाडांच्या ओळींतून न्या. धक्के देत असेल आणि वर्क मोड (ॲक्सिलरेटर मवाळ करणारी सोय) असेल तर तो लावून पुन्हा बघा. तरीही धक्के बसत असतील तर ते खेळायचं यंत्र आहे.

५. हात घालून बघा

सीट काढून एअर फिल्टरपर्यंत हात जातो का? बेल्टचं झाकण काढायला चाकाच्या वरचं सगळं प्लास्टिक उतरवावं लागतं का? झाकणाला पाणी काढायचं बूच आहे का? पाच मिनिटांचं काम.

६. माझी मतं

उतार आणि ट्रेलर हेच मुख्य काम असेल तर ग्रिझली. कागदावर ती पोलॅरिस आणि कॅन-ॲमपेक्षा दुबळी दिसते, तरीही. सपाट जागा, लांब पल्ला, भरपूर बर्फ आणि जड ओढकाम असेल तर आउटलँडर ८५० किंवा स्पोर्ट्समन ८५०. दोघांत निवड करताना जवळचा डीलर कुणाचा, एवढंच बघा. १००० चं मॉडेल कामासाठी घेणाऱ्याला मी दर वेळी अडवतो. जास्तीच्या पैशांत विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), बर्फाचं पातं आणि चांगला ट्रेलर येतो. सीएफमोटोच्या सीफोर्स १००० ला ९६३ सीसीचं व्ही-ट्विन आहे, किंमत कमी, विंच आणि पॉवर स्टिअरिंग त्यातच. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही, पण सुटे भाग देणारा माणूस तासाभराच्या आत असेल तरच घ्या. आणि जोडीदाराला किंवा मुलाला मागे बसवायचं असेल तर आउटलँडर मॅक्स किंवा स्पोर्ट्समन टूरिंगसारखं दोघांसाठी बनवलेलंच मॉडेल घ्या. एकाच्या सीटवर दोघं बसले की वजन मागे जातं आणि चढावर पुढची चाकं उचलतात. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही, आमच्या घरातल्यांचंही नाही.

७. सही करण्याआधी

डीलरच्या सुट्या भागांच्या खिडकीवर जा आणि तुम्ही घेताय त्याच मॉडेलचा बेल्ट मागा. "मागवून देतो" हे उत्तर चालत नाही. जानेवारीत फूटभर बर्फ पडलेला असताना बेल्ट तुटला तर मागवलेला येईपर्यंत तुम्ही फावडं घेऊन बाहेर असाल. बेल्ट फळीवरून काढून समोर ठेवला, तर तो त्याच बिलात घ्या, घरी नेऊन सीटखाली बांधून ठेवा आणि मग यंत्राच्या कागदांवर सही करा.