मंडळीत सेवा करताना माणसं कशी जपावीत

चर्चच्या मंडळीत माणूस दुखावतो तो क्वचितच कुणाच्या दुष्टाव्यामुळे. बहुतेक वेळा कुणाच्या तरी लक्षातून राहून गेलेलं असतं. आजारी आजीकडे कुणी फिरकलं नाही, नाताळच्या कार्यक्रमात एकाच पोराला वाक्य मिळालं नाही, उपकारस्तुतीत एका घराचं नाव सुटलं. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही हेच झालं होतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटू लागल्या आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्यावर प्रीतीचा उपदेश करत न बसता सात माणसं नेमायला लावली. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये ती सात नावं दिली आहेत, आणि सातही ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हाती वाटप दिलं गेलं. सेवेत नवीन असाल तर एवढं आधी पक्कं करा: तक्रार आली की व्यवस्था लावायची, आणि त्या व्यवस्थेत तक्रार करणाऱ्याला घ्यायचं.

पुढच्या सूचना शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या, शंभर-दीडशे घरांच्या मराठी मंडळीसाठी आहेत. लहान मंडळीत वह्या कमी लागतील, वागणं तेच.

दारावर

उपासना साडेनऊला असेल तर नऊ वाजता दारात दोघं हजर हवीत, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. पहिलं गीत सुरू झालं की एकाने आत जावं, दुसऱ्याने शास्त्रपाठ होईपर्यंत थांबावं. उशिरा येणारा आधीच ओशाळलेला असतो, त्याला पुढच्या रिकाम्या बाकाकडे पाठवू नका. मागचे दोन बाक त्याच्यासाठी राखून ठेवा. सुरुवातीपासून आलेले लोक तिथे बसत असतील तर त्यांना आधीच गोड बोलून पुढे सरकवा. दारावरची सर्वांत मोठी चूक अगदी साधी आहे. तिथे उभे असलेले दोघं आपसातच कमिटीच्या गप्पा मारत राहतात आणि येणारा बाजूने आत निघून जातो.

‘जय ख्रिस्त’ किंवा ‘सलाम’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं? ‘पहिल्यांदाच आलात का?’ हे टाळा. समोरची बाई वीस वर्षांपूर्वी याच मंडळीत दृढीकरण होऊन पूर्ण सभासद झालेली असू शकते. ‘मी अमुक. आपलं नाव कळेल का?’ एवढं पुरतं. नाव कळलं की तिथेच थांबा. ‘आडनाव काय? मूळ गाव कुठलं? कुठल्या मिशनचे तुम्ही?’ हे तीन प्रश्न आपल्याकडे फार सहज येतात आणि तिन्हींच्या पोटात जातीची चौकशी असते. विचारणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, पण ऐकणाऱ्याला ते कळतं. माणूस चार-पाच रविवार आला की गावाचं नाव तो आपणहून सांगतो.

याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यांतला असे दोघं सभेत येतात, आणि एकाला चांगली जागा, दुसऱ्याला पायाशी बसायला सांगितलं जातं. आजची परीक्षा साधी आहे. नगरसेवक आला की पंखा कुणाकडे वळतो ते पाहा.

नवीन माणसाला गीतपुस्तक द्या तेव्हा पहिलं गीत उघडून द्या. कधी उभं राहायचं हे त्याला कळावं म्हणून शेजारी एखादं जाणतं कुटुंब बसवा. चपला बाहेर काढायच्या असतील किंवा बायका-पुरुष वेगळ्या बाजूंना बसत असतील तर ते दारातच सांगा, आत टोकू नका. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा, रविवार असेल तर कोण पुढे येतं आणि न आलं तरी चालतं, हेही आधीच हळू सांगून ठेवा. रांगेतून परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही. दानाची पिशवी त्याच्यापुढे थबकू देऊ नका. ‘नवीन आलेल्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी’ ही पद्धत बंद करता आली तर उत्तम. नाहीतर उपासनेआधी विचारून घ्या, आणि ‘नको’ म्हटलं तर विषय संपला.

नावांची वही

पौलाने रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात दोन डझन माणसांना नावानिशी सलाम सांगितला आहे, तेही अजून न पाहिलेल्या मंडळीतल्या. सगळ्यांनाच अशी स्मरणशक्ती नसते, म्हणून दोनशे पानी वही घ्या. एका घराला एक पान. त्यावर घरातली नावं, कुणाला काय हाक आवडते, फोन, वाढदिवस, लग्नाचा दिवस, घरातलं कुणी गेलं असेल तर ती तारीख, आणि कमी ऐकू येतं किंवा जिना चढवत नाही अशा नोंदी. कर्ज, भांडण, आजाराचं नाव यांतलं काहीही लिहू नका. वही कपाटात कुलपात ठेवा, तिच्या पानांचे फोटो ग्रुपवर फिरता कामा नयेत.

गैरहजेरीचा हिशोब असा ठेवा. सलग दोन रविवार कुणी दिसलं नाही तर फोन, चौथ्या रविवारीही नाही तर भेट. फोनवर ‘का येत नाही?’ विचारलं की शाळेतली हजेरी होते. ‘काकू, दोन आठवडे दिसला नाहीत, आठवण झाली म्हणून केला’ इतकंच बोला आणि गप्प राहा. कारण असेल तर ते त्या गप्प राहण्यात बाहेर येतं. वर्गणी राहिली असेल तर या फोनमध्ये तिचा उल्लेखसुद्धा करायचा नाही. तो खजिनदाराचा फोन, वेगळा.

घरभेट

आदल्या दिवशी फोन करून जा. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ बरी. जाताना दोघं जा. बाई एकटी राहत असेल तर दोघांतली एक बाईच हवी. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत, यजमानांनी आग्रह केला तर दहा मिनिटं अजून.

चहाचं नीट लक्षात घ्या. हातावर पोट असलेल्या घरात पाहुणे आले की कुणीतरी धावत दूध-बिस्किटं आणायला जातं, ते टाळायला फोनवरच ‘जेवून येतोय, फक्त चहा’ असं सांगून ठेवा. पण गेल्यावर ‘काहीच नको’ कधीही म्हणू नका. आपल्या समाजात कुणाच्या घरचं पाणी नाकारण्याला फार जुना आणि कडू अर्थ आहे. अर्धा कप मागा आणि पूर्ण प्या.

आपण बोलायला आलोय की ऐकायला, हे उंबऱ्यातच ठरवा. टीव्ही चालू असेल तर घरच्यांनी बंद करेपर्यंत बोलू नका, तुम्ही बंद करायला सांगू नका. मुलांना मार्क विचारू नका, लग्नाच्या मुलीला लग्नाचं विचारू नका, मूल नसलेल्यांना तर काहीच विचारू नका. निघण्याआधी ‘प्रार्थना केली तर चालेल का, आणि कशासाठी करू?’ असं विचारा. त्यांनी सांगितलं त्याच्यासाठीच करा. दोन मिनिटं पुरतात. प्रार्थनेत उपदेश घुसतो ही जुनी खोड आहे. ‘हे प्रभो, या मुलाला वाईट संगतीतून सोडव’ हे प्रभूला उद्देशून असतं असं त्या मुलाला मुळीच वाटत नाही. आणि एका घरात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या घरातल्या प्रार्थनेत नाव घेऊन सांगणं म्हणजे चहाडीच, शेवटी ‘आमेन’ असलं तरी.

दवाखान्यात पाच ते दहा मिनिटं. मान न वळवता दिसाल अशा जागी उभे राहा, पलंगावर बसू नका. वॉर्डमध्ये मोठ्याने प्रार्थना नको, शेजारच्या खाटेवरही माणूस आहे. बिलाची चौकशी, घरगुती औषधं, ‘देवाची इच्छा’ आणि फोटो ही चारही घरी ठेवून जा. सोबत बसणाऱ्या नातेवाइकाला तासभर सुट्टी देता आली तर ती प्रार्थनेइतकीच मोठी मदत.

मृत्यू झाला तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, तेव्हा कुणीच काही सांगत नाही. ‘उद्या सकाळचा डबा आम्ही आणतोय, किती माणसं आहात?’ असं विचारा. कबरस्थानाची पावती, खड्डा खणणारे, पेटी, डॉक्टरांचा दाखला या चार गोष्टी कुठून मिळतात हे ठाऊक असलेले दोघं मंडळीत कायम असावेत, आणि त्यांचे नंबर पाळकसाहेबांकडे आणि सेक्रेटरींकडे असावेत. तीन दिवस गर्दी असते, मग घर रिकामं होतं. वहीत चाळिसाव्या दिवसाची आणि त्या घरातल्या पहिल्या नाताळाची खूण करून ठेवा, त्या दिवशी जा.

पैसे आणि मदत

दान मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं बसवा. उपासना संपल्याबरोबर, चर्चच्या आवारातच मोजावं, दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि मगच पिशवी खजिनदाराकडे द्यावी. इथे विश्वासाचा प्रश्न नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर खजिनदाराकडे दाखवायला कागद हवा, म्हणून ही शिस्त.

गरजू घराला मदत देताना देणारे आणि घेणारे धरून चार-पाच जणांनाच कळावं. किराणा द्यायचा तर त्या घराला विचारून द्या, मधुमेह्याच्या घरात पाच किलो साखर जाऊ नये. फी भरायची तर शाळेत थेट भरा आणि पावती घरी द्या. मदत घेतलेल्या माणसाकडून लगेच खुर्च्या लावून घेऊ नका. चर्चमध्ये हे सर्रास होतं, आणि तो हळूहळू यायचा बंद होतो.

मुलांच्या शब्बाथ शाळेत

कुठल्याही वर्गात एकटा प्रौढ नको, नेहमी दोघं. दार उघडं. मुलाला घरी सोडायचं तर दुसरं कुणीतरी बरोबर. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर तो विषय कमिटीत मिटवायचा नसतो. २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. ‘मंडळीचं नाव जाईल’ म्हणणाऱ्याचं इथे ऐकू नका, तो कितीही जुना सभासद असो.

आपसातली भांडणं

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र आल्या. सवयी मात्र एका दिवसात एक होत नाहीत. कुणी गुडघे टेकून प्रार्थना करतं, कुणी बसून, आणि ‘आमच्या जुन्या चर्चमध्ये असं नव्हतं’ हे वाक्य अजून ऐकू येतं. त्यातच गायनाचा वाद असतो. वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन हवं, तरुण संघाला कीबोर्ड. दर रविवारी एक भजन पेटीवर ठरलेलंच, एक गीत तरुणांचं ठरलेलं, बाकीची पाळक निवडतील असं तीन महिन्यांसाठी लिहून टाका. गीतांचे क्रमांक बुधवारपर्यंत गायनवृंदाला मिळाले पाहिजेत. शनिवारी रात्री मिळाले तर रविवारी सकाळी वाद ठरलेला.

दोघांत खटका उडाला तर मत्तय १८ मधला क्रम वापरा: आधी एकट्याने जाऊन बोलणं, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. प्रत्यक्षात आपण हा क्रम उलटा करतो. आधी व्हॉट्सअॅप, मग कमिटी, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला शेवटी कळतं. म्हणून कुणी तुमच्याकडे तिसऱ्याची तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न हा विचारा: ‘त्यांच्याशी बोललात?’ नसेल तर बरोबर जायची तयारी दाखवा, निरोप्या होऊ नका. जिथे एक बाजू बलवान आणि दुसरी घाबरलेली आहे, मारहाण किंवा छळ आहे, तिथे मात्र एकट्याने जायला सांगणं चूक आहे. तिथे तुम्ही आणि पाळक मध्ये उभे राहा.

ग्रुपवर फक्त सूचना, आजाराची आणि मृत्यूची बातमी. मतं, राजकारण, ‘फॉरवर्ड’ बंद. नाराजीच्या मेसेजला ग्रुपवर उत्तर नाही, फोन करायचा.

पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या, निवडणुकीनंतर पहिल्या आठवड्यात निवडून आलेल्यांनी हरलेल्यांच्या घरी जावं आणि एकेक ठरावीक काम मागावं. ‘तुम्ही आहातच आमच्याबरोबर’ याला अर्थ नाही, ‘हंगामाच्या सणाचा लिलाव तुम्ही बघाल का?’ याला आहे.

नव्या सेवकाला लहान आणि संपणारं काम द्या: चार रविवार दारावर, किंवा एका सणाचं पाणी-ताटांचं बघणं. चुकलं तर आवारात सगळ्यांसमोर टोकू नका, दुसऱ्या दिवशी फोन करा. कौतुक मात्र नाव घेऊन, काम सांगून करा. ‘सर्वांचे आभार’ यात कुणाचेच आभार नसतात. प्रीतिभोजनाला वाढणारे शेवटी जेवतात हे बरोबर, पण त्यांच्यासाठी मटणाचं एक पातेलं आधीच बाजूला काढून ठेवा. भांडी घासायला दर वेळी त्याच चार बायका बसत असतील तर पुढच्या वेळी तरुण संघातल्या मुलांची नावं यादीत घाला.

कुणी ‘आता थकलो’ म्हणालं तर लगेच ‘तुमच्याशिवाय कोण करणार’ म्हणून बांधून ठेवू नका. कोणतंही काम एका माणसाकडे दोन वर्षांहून जास्त नको. शेवटचा महिना जुना आणि नवा सेवक दोघं मिळून काम करतील, त्यात वही, किल्ल्या आणि ‘या घरी आधी फोन करावा लागतो’ अशा न लिहिलेल्या गोष्टी दिल्या जातील. जुन्याला पुढचे सहा महिने कुठलंच काम देऊ नका, आणि उपासनेत तो नुसता बसलेला दिसला तर ‘काय, रिकामेच का?’ असं गमतीतही विचारू नका.