अर्शिल गॉर्कीचे चरित्र कसे लिहावे

परदेशात जाऊन नाव बदललेल्या चित्रकाराचे चरित्र लिहायला घेताना त्याने स्वतःविषयी सांगितलेली माहिती जबानी म्हणून टिपून ठेवावी, पण पडताळल्याशिवाय तिच्यावर मजकूर उभा करू नये. अर्शिल गॉर्कीच्या बाबतीत ही काळजी पहिल्या वाक्यापासूनच घ्यावी लागते. आजच्या तुर्कस्तानातील व्हान सरोवराकाठच्या खोरकोम गावात जन्मलेल्या या आर्मेनियन मुलाचे मूळ नाव व्होस्तानिक अदोयान होते आणि त्याचे जन्मवर्ष निरनिराळे दिले जात असल्यामुळे ‘१९०४च्या सुमारास’ असे लिहिणेच बरे. अमेरिकेत तो स्वतःला रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीचा नातेवाईक म्हणवून घेत असे. पण त्या लेखकाचे खरे आडनाव पेश्कोव्ह होते आणि ‘गॉर्की’, म्हणजे कडू, हे केवळ टोपणनाव होते, त्यामुळे ही थाप आपोआपच उघडी पडते. पत्रे उद्धृत करतानाही जपावे, कारण त्याच्या भाच्याने छापलेल्या पत्रांपैकी कित्येक बनावट असल्याचे पुढे दिसून आले.

म्हणून आरंभ चित्रांपासून करावा. १९१२ साली व्हानमध्ये आईसोबत काढलेले छायाचित्र आधी पाहावे आणि मग त्यावरून त्याने वर्षानुवर्षे रंगवलेली, आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात व वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असलेली दोन चित्रे शेजारी ठेवून आईच्या पुसट, अपुऱ्या वाटणाऱ्या हातांचे निरीक्षण करावे. ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या वंशसंहारातून वाचलेली ही आई १९१९ मध्ये येरेवान येथे उपासमारीने वारली. पुढच्याच वर्षी तो बहिणीसह अमेरिकेला पोहोचला.

भित्तिचित्रांसाठी मात्र स्वतंत्र प्रकरण द्यावे. मंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून त्याने १९३६-३७ मध्ये नेवार्क विमानतळासाठी दहा फलक रंगवले. ते ओल्या गिलाव्यावर नव्हे, तर कॅनव्हासवर तेलरंगांत केलेले होते, ही बाब वाचकाला अवश्य सांगावी. विमानाचे सुटे भाग, नकाशे आणि यंत्रे यांचे त्याने सपाट रंगाकारांत केलेले विघटन तपशिलाने वर्णावे. पुढे या भिंती रंगाने झाकल्या गेल्या आणि १९७०च्या दशकात त्या थरांखालून दोनच फलक हाती लागले. उरलेल्या आठांविषयी लिहिताना जुनी छायाचित्रे व पूर्वरेखाटने यांवरच विसंबावे, रंगांचा अंदाज बांधू नये.

१९४६ची स्टुडिओची आग, कर्करोगाची शस्त्रक्रिया, १९४८चा मोटार अपघात आणि त्यानंतरची आत्महत्या हा क्रम थोडक्यात नोंदवावा. अनेक लेखक हा शेवट आधीच्या प्रत्येक चित्रात शोधत बसतात, ते टाळावे: १९४३च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियाच्या शेतात बसून त्याने काढलेली रेखाटने गवत, बिया आणि फुले अगदी जवळून न्याहाळत केलेली आहेत, आणि ती तशीच वाचावीत.