मिशनवर निघण्यापूर्वी: दिनक्रम, सोबती आणि सेवा

मॉर्मन चर्चच्या मिशनवर, म्हणजे घरापासून दूर राहून धर्मप्रचार आणि सेवा करण्यासाठी, निघालेल्या मुलामुलींना घरातून आणि चर्चमधून जे सल्ले मिळतात, ते बहुतेक शिकवण्याविषयी असतात: कोणता धडा कसा मांडावा, कोणते वचन तोंडपाठ असावे, अवघड प्रश्नाला काय उत्तर द्यावे. प्रत्यक्षात दिवसाचा थोडाच भाग शिकवण्यात जातो. उरलेला वेळ चालण्यात, बसची वाट पाहण्यात, भांडी घासण्यात, कपडे वाळत घालण्यात आणि आपण न निवडलेल्या माणसाबरोबर एका खोलीत राहण्यात जातो. ज्यांचे मिशन मध्येच डळमळते, त्यांचे बहुधा या दुसऱ्या भागात डळमळते असे माझे मत आहे, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी नावाविषयी. ज्या चर्चला लोक मॉर्मन चर्च म्हणतात, त्याचे पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल एम. नेल्सन यांनी 2018 मध्ये पूर्ण नावाचा आग्रह धरल्यापासून सभासद ‘मॉर्मन’ हा शब्द शक्यतो टाळतात. मात्र समोरच्या अनोळखी माणसाला बहुधा तेवढाच शब्द ठाऊक असतो. त्याने तो वापरला म्हणून त्याला लगेच दुरुस्त करू नये. पूर्ण नाव आपल्या तोंडून एकदा सहज यावे, एवढे पुरे.

अर्ज आणि तयारी

मिशनला जाण्याची इच्छा प्रथम आपल्या वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपला किंवा मंडळी लहान असेल तर ब्रांच प्रेसिडेंटला सांगावी लागते. मुलाखती, डॉक्टरांची तपासणी, दातांची तपासणी आणि लसींच्या नोंदी झाल्यावर अर्ज चर्चच्या मुख्यालयात, सॉल्ट लेक सिटीला जातो. ऑक्टोबर 2012 मध्ये मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 करण्यात आले. आज लागू असलेली अट अर्जाच्या वेळी बिशपकडूनच विचारून घ्यावी. मुलांचे मिशन 24 महिन्यांचे आणि मुलींचे 18 महिन्यांचे असते. कोठे जायचे हे अर्जदार ठरवत नाही. नेमणूक वरून येते आणि ती आपल्या शहरापासून चार तासांच्या अंतरावरची असू शकते किंवा चार महिने बर्फात राहणाऱ्या गावातलीही असू शकते, हे मनाशी आधीच पक्के करून ठेवावे.

दातांच्या तपासणीकडे लोक औपचारिकता म्हणून पाहतात, ती चूक आहे. परक्या गावात, परक्या भाषेत, सोबत्याला दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसवून दाढ काढून घेण्यापेक्षा निघण्यापूर्वी महिनाभर आधी ते काम उरकलेले बरे. चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि नंबराचा कागद बरोबर ठेवावा. बूट नवे असावेत, परंतु पायाला सवय झालेले असावेत. प्रशिक्षण केंद्रावर पोहोचल्यावर पहिल्यांदा घातलेल्या बुटांनी फोड आलेच म्हणून समजावे.

खर्च मिशनरी, त्याचे कुटुंब आणि गरज पडल्यास चर्चमधील इतर सभासद मिळून उचलतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ही रक्कम जुलै 2020 पासून दरमहा 500 डॉलर आहे. त्यापूर्वी ती 400 होती. भारतातील कुटुंबांनी आपल्यासाठी ठरणारी रक्कम स्थानिक नेत्यांशी बोलून आधीच निश्चित करावी, कारण पैशाची कुजबुज मुलाच्या कानावर मिशनच्या मध्यावर गेली तर तो अपराधी भावनेने कामातून मन काढून घेतो. प्रत्यक्ष मिशनवर दरमहा खाण्यापिण्यासाठी आणि प्रवासासाठी ठरावीक भत्ता हाती येतो. तो आला की त्याच दिवशी तांदूळ, डाळ, तेल आणि कांदे-बटाटे भरून टाकावेत. पहिल्या आठवड्यात बाहेर खाणारे तिसऱ्या आठवड्यात बिस्किटांवर राहतात.

प्रशिक्षणाची सुरुवात हल्ली घरूनच, संगणकासमोर होते आणि नंतर प्रशिक्षण केंद्रात जावे लागते. यूटामधील प्रोव्हो येथील केंद्र प्रसिद्ध आहे. मनिला, अक्रा, साओ पावलो, मेक्सिको सिटी अशा ठिकाणीही केंद्रे आहेत. नवी भाषा शिकणाऱ्यांचा मुक्काम तेथे जास्त आठवड्यांचा असतो. केंद्रात मिळणारी भाषा धड्यांची आणि प्रार्थनेची असते. ‘पाणी किती वाजता येते’, ‘सिलिंडर संपला’, ‘सुटे नाहीत’ ही वाक्ये मात्र स्वतःच शोधून पाठ करावी लागतात, आणि पहिल्या आठवड्यात तीच कामाला येतात.

दिवस कसा लावावा

परंपरेने मिशनऱ्याचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला दिवा मालवून संपतो. उठल्यावर अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ आणि न्याहारी, त्यानंतर एकट्याचा अभ्यास, सोबत्याबरोबरचा अभ्यास आणि लागत असेल तर भाषेचा अभ्यास असा क्रम असतो. 2017 मध्ये या वेळापत्रकात बरीच सैलता आणली गेली, त्यामुळे ज्या गावात लोक उशिरा जेवतात आणि उशिरा झोपतात, तेथे मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातील मिशनचे प्रमुख, वेळा पुढेमागे करू शकतात. ही मोकळीक सोयीची आहे, तरीही उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. दोघांपैकी एक जण पंधरा मिनिटे जास्त लोळला की दुसऱ्याची न्याहारी, न्हाणीघर आणि अभ्यास असे सगळेच घसरते, आणि त्या दिवशीचे भांडण तेथेच सुरू झालेले असते.

सकाळच्या अभ्यासानंतर त्या दिवसाचे नियोजन दोघांनी मिळून करावे. कोणाला भेटायचे, कोणत्या मार्गाने जायचे आणि भेट रद्द झाली तर त्याच भागात दुसरे काय करता येईल, हे तिन्ही लिहून ठेवावे. भेटी रद्द होणारच: कोणी विसरते, कोणाकडे पाहुणे येतात, कोणी आतून दिवा बंद करून घेते. दुसरा बेत हाताशी नसेल तर भर उन्हात रस्त्यावर उभे राहून ‘आता काय’ असे एकमेकांना विचारण्यात दुपार जाते.

‘प्रीच माय गॉस्पेल’ हे मार्गदर्शक पुस्तक 2004 पासून मिशनऱ्यांच्या हाती आहे आणि त्याची नवी आवृत्ती 2023 मध्ये आली. ते रोज थोडे वाचावे, पण घरोघरी त्यातले परिच्छेद म्हणून दाखवू नयेत. समोरचा माणूस काय सांगतो आहे ते आधी ऐकावे.

पोशाखाचे नियम पूर्वीइतके एकसुरी राहिलेले नाहीत: डिसेंबर 2018 पासून मुलींना पँट घालण्याची आणि 2020 पासून मुलांना, तेथील नेतृत्वाने मान्य केले असेल तर, पांढऱ्याऐवजी साधा निळा शर्ट घालण्याची मुभा मिळाली. नावाची काळी पट्टी मात्र कायम आहे. तिच्यावर मुलांसाठी ‘एल्डर’ आणि मुलींसाठी ‘सिस्टर’ असे लिहून पुढे फक्त आडनाव असते. अठरा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलाला आडनावापुढे ‘वडीलधारा’ लावून हाक मारणे मराठी कानाला थोडे गमतीचे वाटते. आजीला हे समजावून सांगताना वेळ लागेल, याची तयारी ठेवावी.

सोबती

मिशनरी कधीही एकटा नसतो. सोबती, म्हणजे कम्पॅनियन, दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर राहावे, असा नियम आहे आणि त्याला अपवाद न्हाणीघरासारखे थोडेच. नव्या मिशनऱ्याला पहिले 12 आठवडे अनुभवी सोबती शिकवतो. पुढे साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते आणि सोबती, गाव किंवा दोन्ही बदलू शकतात. एक जण ज्येष्ठ सोबती असतो, पण तो साहेब नसतो. हे ज्येष्ठाने जास्त लक्षात ठेवावे.

पहिल्याच संध्याकाळी काही गोष्टी उघडपणे ठरवून घ्याव्यात. स्वयंपाक कोणी कधी करायचा, भांडी त्याच रात्री घासायची की सकाळी, पंखा किती वेगाने, गजर एकदाच वाजेल की पाच वेळा, आणि कोणाचे काय खाल्लेले चालणार नाही. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु अमेरिकेतल्या आयडाहोहून आलेल्या मुलाला हिंगाच्या फोडणीने ठसका लागतो, आंध्रच्या मुलाला वरण-भात मिळमिळीत वाटतो आणि आपल्याला रोजच्या पास्त्याचा कंटाळा येतो. हे तिसऱ्या आठवड्यात रागाच्या भरात बोलले गेले तर ते स्वयंपाकाविषयी राहत नाही.

दर आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांविषयी बोलण्याची पद्धत आहे. तिला कम्पॅनियनशिप इन्व्हेंटरी म्हणतात. नव्याने आलेले बहुतेक जण ‘सगळे ठीक आहे’ म्हणून ती दोन मिनिटांत संपवतात. तसे करू नये. तक्रार नेमकी सांगावी: ‘तू माझे ऐकत नाहीस’ असे म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी त्या आजी बोलत असताना तू मला मध्येच तोडलेस’ असे म्हटले तर समोरच्याला काही करता येते. त्याच बैठकीत सोबत्याने चांगले केलेले एक कामही सांगावे, आणि तेही तितकेच नेमके.

मतभेद आणि गैरवर्तन यांत फरक आहे. सोबती रात्री एकटा बाहेर जात असेल, मारहाण करत असेल किंवा खूप खचून स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर ते मित्राचे गुपित म्हणून पोटात ठेवू नये. त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना फोन करावा. त्यांना दर आठवड्याला लिहायच्या पत्राची वाट पाहू नये.

लोकांच्या दारात

भारतात सेवा करणाऱ्याने येथील परिस्थिती नीट समजून घ्यावी. काही राज्यांत धर्मांतराविषयी कायदे आहेत, शहराशहरांतले वातावरण वेगळे असते, आणि अमेरिकेतल्या उपनगरात चालणारी दारोदार जाण्याची पद्धत येथे जशीच्या तशी चालत नाही. ओळखीने, सभासदांच्या घरून, निमंत्रण असेल तेथेच जावे आणि मिशन प्रेसिडेंटची सूचना शेवटची मानावी. लहान मुलांना पालकांच्या परवानगीवाचून शिकवू नये. मदत आणि धर्म यांची कधीही अदलाबदल करू नये. कोणाला पैसे, नोकरी किंवा शिक्षणाची आशा दाखवून बोलणे हे नियमालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

नकार ऐकण्याची सवय मात्र कोठेही लावावीच लागते. या चर्चचे ह्यू फिंडले 1852 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याला गेले. तेथील लष्करी छावणीत राहण्यास त्यांना मनाई झाली. काही वर्षांच्या कष्टांनंतर पुण्यात उभी राहिली ती मूठभर सभासदांची शाखा, आणि 1856 च्या सुमारास ते पहिले भारतीय मिशन संपलेही. आजच्या मिशनऱ्याजवळ फोन, नकाशा आणि महिन्याचा भत्ता आहे. दार बंद होते ते मात्र तसेच.

महाराष्ट्रात दारापेक्षा चहा अवघड जातो. 1833 पासून मानल्या जाणाऱ्या आहारनियमानुसार दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य आहेत, आणि आपल्याकडे चहा नाकारणे हा पाहुणचाराचा अपमान समजला जातो. म्हणून पातेले गॅसवर चढण्यापूर्वीच बोलावे: ‘काकू, आम्ही चहा-कॉफी घेत नाही, पण पाणी नक्की घेऊ.’ उकळलेला चहा समोर आल्यावर नाही म्हणणे जास्त जिव्हारी लागते. ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत आनंदाने घ्यावे. गवती चहाच्या पातीचा नुसता काढा चालतो, परंतु बहुतेक घरांत तो चहा पावडरीबरोबरच उकळतात, तेव्हा विचारून घ्यावे. नियमाचे लांबलचक स्पष्टीकरण देत बसू नये. उपासाला अमुक चालत नाही हे आपल्याकडे कोणीही एका वाक्यात समजून घेते.

सेवा आणि सुटीचा दिवस

आठवड्यातले काही तास समाजसेवेसाठी असतात: वृद्धाश्रमात मदत, स्वच्छता, पुरानंतर गाळ उपसणे, इंग्रजीचे मोफत वर्ग. सेवेच्या ठिकाणी कामच करावे आणि पत्रके वाटू नयेत. ज्यांना प्रकृतीमुळे नेहमीचे मिशन झेपत नाही, त्यांच्यासाठी घरी राहून करण्याचे सेवा-मिशनही असते. ते कमी दर्जाचे समजण्याचे कारण नाही.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, प्रिपरेशन डे म्हणजे पी-डे असतो. कपडे, बाजार, केस कापणे, खोली झाडणे आणि घरच्यांशी बोलणे त्यात बसवायचे असते. कपडे सकाळी सर्वांत आधी भिजवावेत. पावसाळ्यात तर शर्ट वाळायला दोन दिवस लागतात. पोहण्यास मनाई आहे, त्यामुळे समुद्रकिनारी नेमणूक झालेल्यांनी लाटा पाहण्यावर समाधान मानावे.

फेब्रुवारी 2019 पर्यंत घरी फोन करण्याची मुभा नाताळ आणि मातृदिन एवढ्यापुरतीच होती. आता दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओवर बोलता येते. यात कुटुंबाचीही जबाबदारी आहे. भावकीतला जागेचा वाद किंवा शेजाऱ्यांशी झालेली कुरबुर मुलाला दर सोमवारी ऐकवू नये. तो ते सोडवू शकत नाही आणि मंगळवारी त्याचे मन घरीच राहते. मात्र आजारपण किंवा मृत्यू लपवूही नये.

घराची ओढ पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असते आणि ती दुपारी, रिकाम्या वेळी येते. तेव्हा झोपून राहू नये. बाहेर पडावे, कोणाचे तरी काम करावे. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप आणि भूक लागत नसेल, तर हे मनाचे दुखणे आहे असे समजून मिशन प्रेसिडेंटना सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे. मुदतीआधी परत यावे लागलेल्या मुलाला घरच्यांनी कारण विचारत बसू नये, आधी जेवायला वाढावे.

परतीची तयारी जाण्यापूर्वीच करावी: महाविद्यालयातील प्रवेश राखून ठेवता येतो का, ते लेखी विचारून घ्यावे, कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि पासपोर्टची मुदत मिशन संपल्यावरही काही महिने उरेल असे पाहावे. परत आल्यावर नेत्यांकडून रीतसर कार्यमुक्त होईपर्यंत नावाची पट्टी काढू नये. ती काढल्यानंतरचे काही दिवस खोलीत एकटे झोपणे आणि एकट्याने दुकानात जाणे चमत्कारिक वाटते. रस्ता ओलांडताना शेजारी सोबती आहे का, हे पाहण्यासाठी मान आपोआप वळते. तेव्हा शेवटच्या सोबत्याला एक पत्र लिहावे. त्याचीही मान वळतच असते.