भूऔष्णिक जलाशयातली ट्रेसर चाचणी: या चुका टाळा

भूऔष्णिक क्षेत्रात, म्हणजे जमिनीतलं गरम पाणी किंवा वाफ वर काढून वापरतात तिथे, उष्णता काढून घेतलेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडतात. त्याने जलाशयातला, म्हणजे जमिनीखालच्या खडकातल्या गरम पाण्याच्या साठ्यातला, दाब टिकतो आणि खारट, सिलिकायुक्त पाण्याची विल्हेवाटही लागते. पण हेच गार पाणी एखाद्या मोकळ्या भेगेतून थेट उत्पादन विहिरीत शिरलं तर विहीर थंडावते. फिलिपिन्समधल्या पालिनपिनोन क्षेत्रात नेमकं हेच झालं आणि पाणी सोडण्याचं काम लांबच्या विहिरींकडे हलवावं लागलं. ही वेळ येण्याआधी पाण्याची वाट कळावी म्हणून इंजेक्शन विहिरीत, म्हणजे पाणी सोडायच्या विहिरीत, ट्रेसर (पाण्याबरोबर वाहणारं, सहज ओळखता येणारं रसायन) टाकतात आणि आसपासच्या उत्पादन विहिरींत तो कधी, किती येतो ते मोजतात. चाचणी दिसायला सोपी असते. गफलती मात्र ठरलेल्या असतात.

रसायन निवडताना

फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग स्वस्त आहे आणि अगदी अल्प प्रमाणातही सापडतं, म्हणून पहिला हात त्याच्याकडेच जातो. कमी तापमानाच्या क्षेत्रात ते उत्तम चालतं. जलाशय २५० अंश सेल्सिअसच्या पुढे असेल तर मात्र ते झपाट्याने विघटित होतं. इथला धोका नीट समजून घ्या. ट्रेसर वाटेतच नष्ट झाला की तो कमी परत येतो, आणि अहवालात लिहिलं जातं की दोन विहिरींचा संबंध क्षीण आहे, बिनधास्त पाणी सोडा. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते. अशा ठिकाणी नॅप्थलीन सल्फोनेट वापरावेत. ३०० अंशांच्या आसपासही ते टिकतात. शिवाय त्यांचे १,५ किंवा २,६ असे वेगवेगळे प्रकार प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येतात, त्यामुळे प्रत्येक इंजेक्शन विहिरीला आपला स्वतंत्र ट्रेसर देता येतो. दोन विहिरींत एकच रसायन टाकून नंतर ‘हे कुठून आलं’ म्हणत बसणं हा निव्वळ आळस आहे.

किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवसांचा, तेव्हा काही महिने चालणाऱ्या चाचणीला त्याचा उपयोग नाही. पोटॅशियम आयोडाइड टिकतं, पण भूऔष्णिक पाण्यात मुळातच थोडं आयोडाइड असतं. त्यावर उठून दिसेल एवढं रसायन टाकावं लागतं. जलाशय वाफेचा असेल, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातला द गीझर्स, तर वाफेबरोबर जाणारा वायुरूप ट्रेसर लागतो. पाण्यातच राहणारं मीठ तिथे कामाचं नाही.

नमुने घेताना

ट्रेसर टाकण्याआधीचे नमुने घेतलेच नाहीत, ही चूक नंतर कशानेही भरून निघत नाही. पार्श्वभूमीची पातळी माहीत नसेल तर वक्राची, म्हणजे दिवसांगणिक आलेल्या ट्रेसरच्या आलेखाची, शेपटी कुठे संपली हे सांगताच येत नाही.

दुसरी चूक हातांची. फ्लुओरेसिनची भुकटी कपड्यांवर, बुटांवर, गाडीच्या सीटवर बसते. ज्याने सकाळी पिंप ढवळलं त्याच माणसाने दुपारी बाटल्या भरल्या, तर पहिल्याच दिवशी ‘ट्रेसर आला’ असा निकाल हाती येतो. टाकणारे वेगळे आणि नमुने घेणारे वेगळे ठेवा. बाटल्या गडद रंगाच्या हव्यात, कारण फ्लुओरेसिन उन्हात फिकं पडतं. आम्ल पाण्यातही त्याची चमक उतरते, तेव्हा मोजणीआधी सगळ्या नमुन्यांचा सामू (पीएच) एकसारखा करून घ्या.

वाफ ही तर कायमची डोकेदुखी. विहिरीतून वर येताना पाण्याचा पाचवा हिस्सा वाफ होऊन निघून गेला, तर उरलेल्या पाण्यात ट्रेसर सव्वापट दाट दिसतो. नमुना सेपरेटरवर (वाफ आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीवर) घेतला की वातावरणाच्या दाबाला उघड्या हौदातून, हे बाटलीवर लिहिलेलं नसेल तर दुरुस्ती कशी करणार?

नमुन्यांचं वेळापत्रक सुरुवातीला घट्ट, नंतर सैल ठेवा. जलद वाट असेल तर पहिला ट्रेसर एक-दोन दिवसांतही दिसू शकतो, आणि आठवड्याला एक बाटली भरणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

वक्र वाचताना

आकडे चोख असले तरी अंदाज इथेच सर्वाधिक ढासळतो. ट्रेसर आला म्हणजे गारवा आला, असं नसतं. उन्हाळ्यात दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलेल्या पाइपातून येतं आणि पाइप निवेपर्यंत ते गरमच लागतं. खडकाचंही तसंच आहे. पाणी पुढे निघून येतं, थंडावा मागून येतो. किती मागून, ते खडकाला पाण्याचा किती स्पर्श होतो यावर ठरतं, आणि ट्रेसर नेमकं तेवढंच सांगत नाही.

हिशेब करून पाहा. सेकंदाला ३० लिटर पाणी सोडलं, ट्रेसरचा सरासरी प्रवास ६० दिवसांचा निघाला आणि टाकलेल्यापैकी ४० टक्के परत मिळाला. या वाटेतल्या पाण्याचं आकारमान सुमारे ६२ हजार घनमीटर येतं. विहिरींतलं अंतर ५०० मीटर आणि सच्छिद्रता (खडकातल्या पोकळ जागेचा हिस्सा) १० टक्के धरली तर वाटेचा छेद १,२४० चौरस मीटर होतो. आता हा छेद ३५ बाय ३५ मीटरचा चौकोनी असू शकतो, किंवा ५ मीटर रुंद आणि २४८ मीटर उंच अशी चपटी भेगाळ पट्टीही असू शकते. ट्रेसरचा वक्र दोन्हींत तोच. पण भोवतालच्या खडकाशी येणारा संपर्क पहिल्यात ७० हजार चौरस मीटर, तर दुसऱ्यात अडीच लाखांच्या वर. पहिली वाट दुसरीपेक्षा कितीतरी आधी गार पडेल. म्हणून एकच आकार गृहीत धरून ‘इतक्या वर्षांनी तापमान घसरेल’ असं छातीठोक सांगणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. दोन्ही टोकांचे अंदाज द्या, आणि सच्छिद्रता बदलून पाहा.

याच्या उलट चूकही होते. वक्रावर दोन शिखरं दिसली की पाच वाटांचं मॉडेल बसवायचा मोह होतो. हवे तसे बदलता येणारे तेवढे आकडे हाताशी असले की कोणताही वक्र जुळतोच. दोन वाटांनी भागत असेल तर तिसरी घालू नका.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो: ट्रेसर फारच कमी परत आला, चाचणी फसली का? तसंच काही नाही. उत्तर आइसलँडमधल्या लॉयगालँड इथे १९९७ मध्ये अकुरेरी शहराच्या तापन-व्यवस्थेतून परतलेलं पाणी जमिनीत सोडायला सुरुवात झाली. तिथे फ्लुओरेसिनचा थोडाच हिस्सा जलद वाटांनी परतला. बाकी पाणी विस्तीर्ण जलाशयात पसरलं, म्हणजे गारव्याचा धोका कमी. पण हा निष्कर्ष काढण्याआधी विघटन, अधिशोषण (ट्रेसर खडकाला चिकटून राहणं) आणि लवकर थांबवलेली चाचणी, या तिन्ही शक्यता खोडून काढाव्या लागतात.

शेवटी फेरवापराचा घोळ. उत्पादन विहिरीतलं ट्रेसरयुक्त पाणी पुन्हा त्याच इंजेक्शन विहिरीत जात असेल तर शेपटी फुगते आणि मिळालेला ट्रेसर १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. सोडल्या जाणाऱ्या पाण्याचेही नमुने घ्या आणि ती भर वजा करा. चाचणीच्या मध्येच पंप बंद पडला किंवा प्रवाह बदलला असेल, तर आडव्या अक्षावर दिवसांऐवजी सोडलेल्या पाण्याचं एकूण आकारमान घ्या. पंपाची नोंदवही त्यासाठी पहिल्या दिवसापासून तासागणिक भरलेली हवी.