जुन्या कॅम्पर व्हॅनच्या पेट्रोलच्या नळ्या, फिल्टर आणि पंप कसे बदलावेत

जुनी कॅम्पर व्हॅन पेटायला टाकी फुटावी लागत नाही. वीतभर रबरी नळी चिरली तरी पुरते. फोक्सवॅगन टाइप २ सारख्या व्हॅनमध्ये इंजिन मागे आणि पेट्रोलची टाकी त्याच्या शेजारीच, मधे फक्त पत्रा. झिरपलेलं पेट्रोल थेट तापलेल्या भागांवर पडतं. त्यामुळे गाडीला पेट्रोलचा वास येतोय की नाही याची वाट न पाहता, नळ्या कधी बदलल्या ते माहीत नसेल तर बदलाच.

काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. म्हणून सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी घेऊ नका. इंजिन पूर्ण थंड हवं आणि टाकी जितकी रिकामी तितकी बरी. कॅम्परमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे गॅसवर चालणारा फ्रिज. त्याच्या मागे बारीकशी ज्योत जळत असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. फ्रिज, शेगडी, हीटर सगळं बंद करून सिलिंडरचा व्हॉल्व्हही फिरवा. पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. उजेडाला बॅटरीवरची एलईडी टॉर्च घ्या, लोंबता बल्ब नको.

गाडी इंजेक्शनवाली असेल, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी, तर लाइनमध्ये दाब असतो. आधी पंपाचा फ्यूज काढा, गाडी चालू करा आणि ती आपोआप बंद पडू द्या, मग आणखी दोन-तीनदा सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. आतल्या दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असेल तर तिचीही, आणि छतावर सोलर पॅनेल असेल तर त्याचीही जोडणी काढा. एक बॅटरी काढली आणि दुसरी राहिली, असं सहज होतं.

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा. कुठली नळी कुठे जाते हे काढताना सोपं वाटतं, लावताना नाही. टाकीकडची नळी नळीसाठीच्या चिमट्याने दाबून मग सोडवा, नाहीतर टाकी वर असल्याने पेट्रोल वाहत राहील. ते झाकणाच्या, पेट्रोलसाठीच्याच डब्यात धरा.

नळी विकत घेताना कंजूषपणा नको. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुनं रबर त्याने कडक होऊन भेगाळतं. नळीवर छापलेलं वाचा: ‘एसएई जे३० आर९’ (SAE J30 R9, पेट्रोलच्या नळ्यांचं एक मानक) असेल तर आतला थर इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो-रबराचा असतो आणि ती इंजेक्शनच्या दाबालाही चालते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीलाही मी हीच लावतो. आतला व्यास जुन्या नळीच्या टोकावरून नाही, ज्या धातूच्या नळीवर ती बसते तिच्यावरून मोजा. जुनं रबर ताणलेलं असतं. कापडी विणीच्या नळ्या तर फसव्याच. मी काढलेली एक वरून अगदी ठीक दिसत होती. बोटांत धरून वाकवली, तर विणीखाली करकर आवाज झाला आणि कापल्यावर आतून जाळी पडलेली निघाली.

नवी नळी धारदार ब्लेडने सरळ कापा. क्लिपची पट्टी आरपार खाचांची असेल तर ती रबरात रुतते. कडा वळवलेली क्लिप घ्या. टोक पुरतं आत सरकल्यावर क्लिप बसवा, पण आवळून रबर फुगवू नका. जिथे नळी पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, हवाच. टाकीच्या भरण्याच्या आणि हवा सोडणाऱ्या नळ्या राहून जातात, त्याही याच फेरीत बदला.

फिल्टरवरचा बाण इंजिनकडे असावा. इंजेक्शनला त्या दाबासाठीचाच फिल्टर लागतो. कार्ब्युरेटरचा प्लॅस्टिक फिल्टर मात्र ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलच्या वर लटकवू नका. तो गळला तर ठिणगीवरच गळेल.

मेकॅनिकल पंप दोन नटांवर असतो. काढताना खालचा पुशरॉड, म्हणजे पंप हलवणारा दांडा, हरवू देऊ नका. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढा आणि नवीन तेवढ्याच जाडीचं लावा, कारण दांडा पंपाला किती ढकलतो हे त्या जाडीवर ठरतं. ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपातला पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये गेलेलं असू शकतं. ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. पंप आणि कार्ब्युरेटर यांना जी छोटी पितळी नळी दाबून बसवलेली असते, ती बोटांनी फिरवून पाहा. हलली, तर कधीतरी ती नळीसकट निसटेल. तो भाग आधी दुरुस्त करून घ्या.

बॅटरी जोडण्याआधी टाकीत थोडंच पेट्रोल घाला आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहा. पाझर डोळ्यांना दिसत नाही, कागदावर लगेच उमटतो. मग बॅटरी जोडा, इंजिन चालू करून पुन्हा तेच करा. गरम झाल्यावर आणखी एकदा. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना क्लिपा पुन्हा तपासा, नवं रबर बसल्यावर त्या थोड्या सैल होतात.